येऊर खाली

जूनचा पहिला रविवार होता. आदल्या रात्री पावसाची एकच सर येऊन गेली होती आणि जांभळी नाक्याच्या मंडईत ओल्या गोणपाटाचा, पायाखाली चिरडलेल्या कोथिंबिरीचा आणि डिझेलचा वास एकमेकांत मिसळून गेला होता. मी शेवळं शोधत होते. पहिल्या पावसावर उगवणारी ही रानभाजी, तिचे दिवस मोजून पंधरा-वीस. सीकेपी घरात वाढलेल्या माणसाला या दिवसांत मंडईतून रिकाम्या हाताने परतवत नाही. एका बंद शटरपाशी एक बाई निळं प्लॅस्टिक अंथरून बसली होती. पुढ्यात शेवळांच्या जुड्या, शेजारी काकडांचा, म्हणजे शेवळांची खाज मारणाऱ्या आंबट रानफळांचा, हिरवागार ढीग, आणि पळसाच्या पानांत बांधलेला कसलासा पाला. मी एक जुडी उचलली, देठ दाबून पाहिले आणि सवयीनं विचारलं, "येऊरच्या का, मावशी?" तिनं मान वर केली नाही. दातात दोरा धरून जुडी बांधता बांधता म्हणाली, "येऊर खाली. आमी वरच्या."

पैसे दिले, काकडं घेतली, घरी आले. शेवळं सोलताना, चिरताना, कोलंबीबरोबर शिजवताना ती चार पदं डोक्यात फिरत राहिली. येऊर खाली.

आम्हा ठाणेकरांचं 'वर' म्हणजे येऊरच. "वर जाऊन येऊ" म्हटलं की कुठे, हे विचारावं लागत नाही. उपवनचं तळं मागे पडलं, रस्ता चढायला लागला, वनखात्याचं फाटक आलं की आपण वर आलो. माझं घर घोडबंदर रोडला, सातव्या मजल्यावर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत तो डोंगर उभा आहे. गेली सोळा वर्षं मी त्याच्याकडे बघत चहा करते. जुलैत तो दिसतच नाही, नुसतं पांढरं. ऑक्टोबरात हिरव्यावर पिवळी झाक चढते. होळीच्या सुमारास पळस पेटतो, आणि एप्रिलच्या एखाद्या रात्री खरोखरीचा वणवा लागतो, तेव्हा लाल रेघ कड्यावरून हळूहळू सरकताना दिसते. २०१९च्या फेब्रुवारीत समतानगरच्या मॉलमध्ये बिबट्या शिरला होता. त्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या सगळ्यांनी डोंगराकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. तेवढंच. एरवी आमच्या लेखी जिथे शेवटची इमारत संपते तिथे डोंगर सुरू होतो, आणि एकदा सुरू झाला की तो सगळा एकच. येऊर काय, माहुली काय, जव्हार काय, हिरवं ते सगळं वरचं.

पण मला तरी असं वाटायला नको होतं. मी अडीच वर्षं वर राहिले आहे.

बाबा ओव्हरसिअर होते. १९७९ साली त्यांची बदली मोखाड्याला झाली. तेव्हाच्या सरकारी नोकरांत मोखाड्याचं नाव कसं घेतलं जायचं, ते त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. नौपाड्यातल्या शेजारणी आईला भेटायला आल्या त्या जणू कुणी आजारी असल्यासारख्या हळू आवाजात बोलत होत्या. आई ट्रंक भरताना रडली. मी आठ वर्षांची होते, मला एसटीत खिडकी मिळणार याचाच आनंद. भिवंडी, मग वाडा. वाड्यापर्यंत सगळी भातखाचरं, बांधाबांधानं कातरलेली, सपाट. वाड्याचा कोलम आमच्याही घरी यायचा, म्हणून तिथवरचं जग ओळखीचं होतं. मग पुढे गाडी घरघरायला लागली, ड्रायव्हरनं गिअर बदलला, वळणं आली, साग आणि ऐन अगदी रस्त्यावर झुकले, आणि खिडकीतून येणारी हवा एकाएकी वेगळी झाली. कान बंद झाले. आईनं पदर डोक्यावरून घेतला. वरती पोचलो तेव्हा खाचरं नव्हती. उतारांवर कसलीतरी बुटकी, मुठी वळल्यासारखी कणसं होती. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून सांगितलं, "नागली." मी म्हटलं, "नाचणी?" तो हसला. म्हणाला, "खाली नाचणी. इथं नागली."

आज विचार करते तर कळतं, त्या म्हाताऱ्यानं मला हद्द दाखवली होती. वाड्याला भात, वर नागली आणि वरई. खाली खाचर, वर वरकस. खाली पाणी अडवून धरता येतं, वर ते थांबतच नाही. चार महिने धो धो कोसळतं आणि उतारावरून निघून जातं, म्हणून तिथे जे पिकतं ते उतारावर तग धरणारं. मग भाकरीचा रंग बदलतो, उखळाचा आवाज बदलतो, घराची भिंत बदलते. वर कारवीच्या काठ्यांचा कूड असायचा, शेणानं सारवलेला. रात्री त्याच्या फटींतून शेजारच्या घरातल्या चुलीचा उजेड रेघारेघांनी अंगणात पडायचा. उन्हाळ्यात राब भाजायचे. त्या धुराचा वास आईच्या साड्यांना बसला तो ठाण्यात परत आल्यावरही बरेच दिवस गेला नाही. आई त्या साड्या पुनःपुन्हा धुवायची. मी कपाटात तोंड घालून तो वास घ्यायची, कुणाला न सांगता.

बाबांबरोबर मी कधी कधी जीपमधून जायची. एका पाड्यापाशी रस्त्याची आखणी चालली होती आणि बाबांना गावाची शीव कुठली ते हवं होतं. त्यांच्या हातात नकाशा होता, तरी त्यांनी एका वारली आजोबांना विचारलं. आजोबांनी काठीनं दाखवलं. त्या सादड्याच्या झाडापासून वाघ्यापर्यंत, वाघ्यापासून ओहळापर्यंत, मग ओहळ सांगेल तसं. वाघ्या म्हणजे झाडाखाली उभी केलेली शेंदूर फासलेली शिळा. तिच्यावर वाघ कोरलेला, आणि वर एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र. बाबांनी वहीत त्या जागी छोटा त्रिकोण काढला आणि बाजूला 'देव' असं लिहिलं. ती वही माझ्याकडे आहे.

पुढे कित्येक वर्षांनी मी गद्धेगाळ पाहिला तेव्हा हा सूर्य-चंद्र एकदम ओळखीचा वाटला. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी आपलं ठाणं, त्यांचं श्रीस्थानक. त्यांच्या काळातले हे दानाचे दगड जिल्हाभर सापडतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, आणि खाली ती शिवी कोरलेली. दिलेल्या जमिनीला जो हात लावेल त्याच्या आईची विटंबना होवो, अशी. राजाचा दगड माणसाला धाक घालतो. वाघ्याचा दगडही तसाच शिवेवर उभा, तेच चंद्र-सूर्य साक्षीला, पण त्याच्यापुढे वाघबारशीला कोंबडं कापतात आणि वाघाला सांगतात, आमच्या गुरांना सांभाळ. तिथे शेजारच्या गावाचं नाव नाही की शाप नाही. हद्द ठरली आहे ती वाघाशी. मला हे फार मोठं वाटतं. आपण जंगलाला कुंपण घालतो ते जंगल आत राहावं म्हणून, आणि त्या लोकांनी सीमेवर वाघालाच बसवलं, दोन्हीकडे बघायला.

पाण्याचीही हद्द बाबांनीच शिकवली. एकदा ते आम्हाला त्र्यंबकला घेऊन गेले. ब्रह्मगिरी दाखवून म्हणाले, "घराला जसं आढं असतं ना, तसं हे. आढ्याच्या अलीकडे पडलं ते पाणी पुढच्या अंगणात, पलीकडे पडलं ते परसात." याच डोंगरातून गोदावरी निघते आणि पूर्वेला आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. इथूनच वैतरणा निघते, ती पश्चिमेला वळते, मोखाड्याच्या अंगाअंगानं खाली उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. एकाच सरीतले दोन थेंब, मध्ये वीतभर अंतर, आणि पुढे देशभराचं. मी तेव्हा दोन्ही हात पसरून उभी राहिले होते, एक देशावर आणि एक कोकणात.

त्या परसातल्या पाण्यावर मी जगले आणि माझ्या शेजारची मुंबई जगते. तानसा १८९२मध्ये बांधून झालं. मग मोडकसागर, मग वरची वैतरणा, भातसा, आणि अलीकडे मोखाड्याच्या दारातली मध्य वैतरणा. ठाण्यातून मुलुंडकडे जाणाऱ्या त्या अवाढव्य पाइपलाइनींवर आम्ही लहानपणी कान लावायचो. आत घुमल्यासारखा आवाज यायचा. मोखाड्याहून परत आल्यावर मैत्रिणींना मी सांगितलं होतं, हा आवाज मी वर ऐकलाय, उघडा, दगडांवरून वाहताना. त्यांना पटलं नाही. मलाही आणखी एक गोष्ट सांगायची होती आणि सांगता आली नव्हती. तिथे वैशाखात विहिरीच्या तळाशी पोरं उतरवायचे, वाटीनं पाणी भरायला. पाऊस कमी नाही, पण जो पडतो तो खाली निघून येतो, आमच्याकडे. आजही एप्रिल-मे आला की त्या पाड्यांवर टँकर जातात. मी बातमी वाचते, उठते, आणि नळ घट्ट बंद आहे ना ते बघते. त्यानं काही होत नाही हे मला ठाऊक आहे. तरी उठते.

बोहाड्याच्या रात्री मात्र काहीच तुटवडा नसायचा. होळीनंतर, गावाची पाळी आली की, संबळ आणि सनई सुरू व्हायची ती उजाडेपर्यंत. मशालीच्या उजेडात एकेक सोंग यायचं, गणपती, सरस्वती, खंडेराव, मग दहा तोंडांचा रावण, इतका जड मुखवटा की नाचणाऱ्याला दोघं धरून असायचे. मी आईच्या मांडीवर झोपायची, रावणाला जागी व्हायची, पुन्हा झोपायची. घाटापलीकडून, पेठकडून, त्र्यंबककडून पाहुणे चालत आलेले असायचे, कारण त्यांच्याकडेही हाच बोहाडा. कागदावर ते नाशिक जिल्ह्यातले, आम्ही ठाण्यातले. भूगोलाच्या पुस्तकात ते देशावरचे, आम्ही कोकणातले. पण सोंगं तीच, देव तेच, कणसरी तीच. धान्याच्या त्या देवीला घाट चढायला आणि उतरायला काही अडचण नव्हती.

या डोंगराळ पट्ट्यावर कागदाच्या रेघा किती वेळा फिरल्या, ते मोजायला बसलं की बोटं कमी पडतात. जव्हार हे महादेव कोळी मुकणे राजांचं संस्थान. ते १९४८मध्ये विलीन झालं आणि ठाणे जिल्ह्यात आलं. शेजारी दादरा-नगर हवेली पोर्तुगिजांची, ती १९५४मध्ये सुटली. तिथेही वारलीच. उत्तरेला डांगचं रान. तिथली डांगी बोली मराठीची की गुजरातीची, यावर भांडण पेटलं आणि १ मे १९६०ला डांग गुजरातेत गेला. सुरगाण्याच्या कोकणा माणसाचे सोयरे डांगात, डांगातल्याचे पेठेत. बोलणं एकमेकांना कळतं, पोरी दिल्या-घेतल्या जातात, फक्त दुकानाच्या पाटीची लिपी बदलते. मग १ ऑगस्ट २०१४. पालघर जिल्हा झाला आणि मोखाडा-जव्हार आमच्यातून गेलं. त्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन बराच वेळ बसले होते. इतक्या लांबून इतकं मोठं दुर्गम क्षेत्र सांभाळणं ठाण्याला जमत नव्हतं, जिल्हा व्हायलाच हवा होता, हे डोक्याला पटत होतं. पण लहानपणी पोस्टकार्डावर 'मु. पो. मोखाडा, जि. ठाणे' असं लिहायची सवय होती. कुणीतरी माझ्याच पत्त्यावर काट मारली असं वाटलं.

आणि त्याहून जुनी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुठे लिहिली नाही. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली. कुपोषण हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत तेव्हापासून रोजचा झाला. मी एकवीस वर्षांची होते, नोकरी शोधत होते. फोटोतली मुलं मला ओळखीची वाटली. ती तीच नव्हती हे उघड होतं, माझ्या वर्गातल्या मुलांना तोवर स्वतःची मुलं झाली असतील. आई माझ्या हातातून पेपर घेऊन वाचत राहिली. मग म्हणाली, "मी तिथे दोन वर्षं रोज परत यायचा दिवस मोजला गं." त्यापुढे काही बोलली नाही. त्या दिवशी तिनं स्वयंपाक केला नाही, मी केला.

दिवाळीनंतर तिकडून माणसं खाली उतरतात. त्याला ती स्थलांतर म्हणत नाहीत. "जगायला जातो" म्हणतात. भिवंडीच्या, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर, ठाण्याच्या बांधकामांवर, होळीपर्यंत किंवा पावसाच्या तोंडापर्यंत. माझी इमारत उभी राहत होती तेव्हा आम्ही दर रविवारी बघायला यायचो. तळमजल्यावर पत्र्याच्या खोल्या होत्या. एका संध्याकाळी आतून उखळाचा आवाज आला, आणि त्याच्या ठेक्यानं माझे पाय थांबले. सिमेंटच्या गोणीवर बसलेली एक पोरगी नागलीची भाकरी खात होती. विचारायला हवं होतं तिला, कुठली गं तू. नवरा पार्किंग दाखवायला बोलावत होता, मी गेले. त्या विटांच्या भिंतीत आता माझं स्वयंपाकघर आहे, आणि त्याच्या खिडकीतून मी डोंगर बघते.

मग 'येऊर खाली' म्हणजे काय? त्या आठवड्यात मी दोनदा येऊरला जाऊन आले. पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा. इथेही वारली घरं आहेत, काही भिंतींवर पांढऱ्या रेघांची चित्रं आहेत, वाघोबा आहे. पण मावशीच्या बाजूनं पाहिल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की हा डोंगर एकटा आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, तीन बाजूंनी शहर, चौथीकडे खाडी. याच्या पलीकडे चालत गेलं तर बोरिवली लागतं. मोखाड्याच्या पलीकडे चालत गेलं तर डोंगरच लागतात, सुरगाणा, डांग, आणि त्याही पुढे. आता या येऊरच्या पोटातून ठाणे ते बोरिवली जुळा बोगदा खणला जातोय, जोडरस्ते धरून ११.८ किलोमीटरचा. पाड्यातल्या पोरांची नोकरी शहरात, शाळा शहरात, डीजेचा आवाज शहरातून आलेल्यांचा. बंगल्यांच्या भिंतींना लागून पायवाट जाते. त्या वाटेवर एक आजी मोळी घेऊन चालली होती. तिला मी "वर किती घरं आहेत?" असं विचारलं. तिनं डोंगराकडे न बघता बंगल्यांकडे हात केला. "वर? वर सगळे तुमचेच."

मी काही बोलले नाही. खाली उतरून उपवनच्या कट्ट्यावर बसून राहिले.

पुढच्या रविवारी पुन्हा जांभळी नाका. मनात धाकधूक होती, ती बसली असेल की नाही. होती. तेच शटर, तेच निळं प्लॅस्टिक, या वेळी शेवळं थोडी आणि फोडशी जास्त. मी समोर उकिडवी बसले. कशी येता विचारलं. मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याहून जीपनं कसारा, कसाऱ्याहून लोकल, रात्री स्टेशनातच पाठ टेकायची. मी म्हटलं, "मावशी, मी मोखाड्याला राहिलेय. लहानपणी. अडीच वर्षं." आता तिनं मान वर केली. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून सावकाश फिरले, जुडी निवडताना फिरतात तसे. "कुठल्या पाड्यात?"

मला पाड्याचं नाव सांगता येईना, कारण आम्ही पाड्यात राहिलोच नव्हतो. सरकारी चाळ होती, पुढे आंब्याचं झाड, मागे बाजाराकडे जाणारा रस्ता. मी तेच सांगितलं. ती मान हलवत म्हणाली, "मंग तुमी बाजारातल्या." त्यात टोचणं नव्हतं. वाघ्यापासून ओहळापर्यंत म्हणणाऱ्या त्या आजोबांसारखी ती मला माझी जागा दाखवत होती. वर, पण बाजारापर्यंतच. पाड्याच्या अलीकडे. आईचं सगळं मोखाडं त्या एका शब्दात बसत होतं, तिचं रडणं, धुतलेल्या साड्या, मोजलेले दिवस.

मी तिच्या पाड्याचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा तिनं उच्चार सुधारला.

दोन जुड्या घेतल्या. तिनं काकडं मोजून टाकली आणि मग ओंजळभर आणखी घेतली. मी म्हटलं, पुरे की, इतकी कशाला. आईच्या जुन्या वहीत शेवळांच्या पाककृतीपुढे शाईनं लिहिलेलं आहे, 'मोखाड्याची असतील तर काकडं दुप्पट.' मला ते नेहमी तिच्या त्या जागेवरच्या रागातून आलेलं वाटायचं.

मावशीनं ओंजळ माझ्या पिशवीत रिती केली.

"असू द्या," ती म्हणाली. "वरची हायेत. जास्ती खाजतात."